डॉक्टर, आधी लोकल द्या ना!

टाके पडणार म्हटलं की आपण दात आवळतो, डोळे मिटतो आणि 'चालेल, घ्या पटकन' म्हणून मोकळे होतो. पण जखम शिवण्याआधी बधिर करून घेणं हे लाड नाहीत. त्याचा संबंध थेट तुमच्या जखमेच्या भवितव्याशी आहे.

शुक्रवारची संध्याकाळ, जूनचा पहिला पाऊस, सिंहगड रोडवर सांडलेलं ऑइल आणि माझी स्कूटर. पुढचं सांगायची गरज नाही. पुण्यात टू-व्हीलर चालवणाऱ्या प्रत्येकाने हा सिनेमा एकदा तरी पाहिलेला असतो. गोष्ट २०११ची. हेल्मेटमुळे डोकं वाचलं, पण उजव्या कोपराखाली चांगली दोन इंचांची जखम उघडली आणि रस्त्यावरची निम्मी खडी तिच्यात जाऊन बसली.

जवळच एक दवाखाना होता. डॉक्टरकाका वयस्कर, बोलायला एकदम प्रेमळ. जखम बघून म्हणाले, "अगं, चारच टाके आहेत. लोकलची सुई टोचायची म्हणजे तेवढंच दुखणार. त्यापेक्षा पटकन घेऊन टाकू. डोळे मीट घट्ट."

मी मीटले. पहिली नोकरी, हातात नवीकोरी सॅलरी स्लिप, 'मी काही रडूबाई नाही' हा ॲटिट्यूड. काकांनी सलाईनचा बोळा जखमेवर फिरवला आणि मी हात असा काही झटकला की ट्रे खाली. दुसऱ्यांदा फिरवला, पुन्हा तेच. "बरं बरं, राहू दे," म्हणत त्यांनी सफाई आवरती घेतली आणि चार टाके घातले. मी रडले नाही. घरी आल्यावर सगळ्यांनी कौतुक केलं. जखम भरली, टाके निघाले आणि त्या जागी कातडीखाली निळसर-काळे तीन ठिपके कायमचे राहिले. ती सिंहगड रोडची धूळ. आजही तिथेच आहे.

काकांचा हिशोब तेव्हा मला पटला होता. सुई टाळायला सुई कशाला? अनेकांना तो आजही पटतो. म्हणून म्हटलं, एकदा तपासून बघू या.

चार टाके म्हणजे किती टोचे?

साधा टाका घ्यायचा म्हणजे सुई जखमेच्या एका कडेतून आत जाते आणि दुसऱ्या कडेतून बाहेर येते. म्हणजे एका टाक्याला दोन टोचे. चार टाक्यांचे आठ. शिवाय ही सुई वाकडी आणि इंजेक्शनच्या बारीक सुईपेक्षा जाड. तिच्यामागून दोरा सरकतो, चिमट्याने कातडीची कड धरली जाते, मग गाठ आवळली जाते. याउलट लोकलची सुई दोन-तीन जागी टोचली तरी पुरते आणि ती जळजळ काही सेकंदांत ओसरते. हिशोब इथेच चुकला ना?

पण टोच्यांचं गणित ही या प्रकरणातली छोटी बाब. मोठी बाब म्हणजे सफाई. जखम शिवण्यात खरं काम शिवण्याचं नसतंच, धुण्याचं असतं. पाण्याचा जोरदार फवारा मारायचा, माती, काच, कापडाचे धागे शोधून काढायचे, वेळ पडली तर ब्रशने घासायचं, तळाशी वाकून बघायचं. हे सगळं जिवंत, ठणकत्या जखमेवर नीट होऊच शकत नाही. पेशंट हात ओढतो, डॉक्टरांना दया येते आणि सफाई 'बरं बरं, राहू दे'वर संपते. आत राहिलेली घाण मग एकतर पू धरते, नाहीतर माझ्यासारखा फुकटचा टॅटू काढून जाते. रस्त्यावर खरचटताना कातडीत घुसलेले कण वेळीच घासून काढले नाहीत तर कातडी त्यांच्यावरून बंद होते आणि ते आतच राहतात.

तेव्हा लोकल ही तुमच्या सहनशक्तीची परीक्षा घ्यायची की नाही यासाठी नसते. डॉक्टरांना निवांत, व्यवस्थित काम करता यावं, यासाठीही ती असते. ही गोष्ट मला कोणी २०११मध्ये सांगितली असती तर!

जाता जाता घरच्या मंडळींसाठी एक विनंती. जखमेत हळद दाबू नका. कॉफी पावडरही नको. आज्जीच्या प्रेमाबद्दल शंका नाही, पण दवाखान्यात ते सगळं खरवडून काढावं लागतं आणि तेच सगळ्यात जास्त झोंबतं. नळाचं स्वच्छ पाणी, वरून स्वच्छ रुमाल आणि दहा-पंधरा मिनिटं न उचलता दाब. बस्स.

जिभेवरून लागलेला शोध

लोकल ॲनेस्थेशियाची गोष्ट सुरू होते १८८४मध्ये व्हिएन्नात. कार्ल कोलर नावाचा तरुण डॉक्टर तेव्हा डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी काहीतरी शोधत होता, कारण जागा पेशंट डोळा हलवतो ही मोठी पंचाईत होती. त्याचा सहकारी होता सिग्मंड फ्रॉइड. हो, तोच. फ्रॉइडला त्या वेळी कोकेनमध्ये भलताच इंटरेस्ट होता. ते जिभेला लागलं की जीभ बधिर होते, हे बऱ्याच जणांना माहीत होतं. कोलरच्या डोक्यात ट्यूब पेटली, की जीभ बधिर होते तर डोळा का नाही? आधी बेडकाच्या डोळ्यात थेंब टाकून पाहिले, मग स्वतःच्या. त्या सप्टेंबरमध्ये हायडेलबर्गच्या परिषदेत हा शोध जाहीर झाला, पण कोलर तिथे नव्हता. प्रवासाला पैसे नव्हते, म्हणून त्याचा निबंध दुसऱ्यानेच वाचला. आपल्या महिनाअखेरीची आठवण व्हावी अशी गोष्ट!

कोकेनचे धोके लवकरच कळले. काही नामवंत सर्जन स्वतःवर प्रयोग करता करता त्याच्या आहारी गेले. मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नोव्होकेन आलं आणि त्यानंतर आपला आजचा हिरो. तोही जिभेवरूनच सापडला. १९३०च्या दशकात स्टॉकहोममध्ये होल्गर एर्टमन हा केमिस्ट भलत्याच कामासाठी एक रसायन बनवत होता. त्याने ते चाखलं (आजच्या कुठल्याही लॅबमध्ये यासाठी नोकरी जाईल) आणि जीभ बधिर झाली. हा धागा पकडून निल्स लोफ्ग्रेन याने १९४३मध्ये लिडोकेन तयार केलं. त्याचा तरुण सहकारी बेंग्ट लुंडक्विस्ट याने त्याची इंजेक्शनं स्वतःलाच टोचून प्रयोग केले. १९४८मध्ये ते 'झायलोकेन' या नावाने बाजारात आलं.

आपल्याकडे त्यालाच लिग्नोकेन म्हणतात. डेंटिस्टकडे दाढ काढताना ओठ जाडजूड झाल्यासारखा वाटतो ना, ती बहुतेक वेळा याचीच करामत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आहे. आणि एका पेशंटला लागणाऱ्या औषधाची किंमत? पिझ्झावरच्या एक्स्ट्रा टॉपिंगपेक्षा कमी. त्यामुळे 'खर्च कशाला वाढवायचा' हे कारण तर अजिबात चालणार नाही.

शरीरातला मेगाब्लॉक

मुंबईकरांना हे चटकन कळेल. वेदनेचा निरोप मज्जातंतूतून मेंदूकडे विजेसारखा धावतो. तो धावायला सोडियमचे कण तंतूच्या बारीक दारांमधून आत शिरावे लागतात. लिग्नोकेन ही दारंच अडवून बसतं. दारं बंद, निरोप जागच्या जागी थांबला. जखम आहे, टोचणंही चालू आहे, पण मेंदूला खबरच नाही. रविवारचा मेगाब्लॉकच म्हणा ना.

यातली गंमत म्हणजे सगळ्या लाइन एकदम बंद होत नाहीत. वेदना नेणारे तंतू बारीक आणि संथ, स्पर्श आणि दाब नेणारे जाड आणि वेगवान. आधी बंद पडतात बारीक. म्हणजे स्लो लाइन ठप्प, फास्ट चालू! म्हणूनच लोकल दिल्यावरही ओढल्यासारखं, दाबल्यासारखं जाणवतं आणि आपण घाबरून ओरडतो, 'डॉक्टर, मला कळतंय!' ओढ जाणवली तर काळजी नको. पण टोक लागल्यासारखं, चरचरून दुखलं तर लगेच सांगायचं आणि डॉक्टरांनी आणखी थोडं औषध द्यायचं. उगाच दात आवळून बसायचं नाही.

औषध चढायला दोन ते पाच मिनिटं लागतात. ही मिनिटं महत्त्वाची. घाईगडबडीच्या दवाखान्यात बरेचदा 'लोकल लागलंच नाही' असं वाटतं, ते लागण्याआधीच सुई सुरू झालेली असते म्हणून. आणि जखम दोन दिवस अंगावर काढून, पू झाल्यावर गेलात तर लोकल खरोखरच नीट लागत नाही. सुजलेल्या, पू धरलेल्या भागात आम्लता वाढलेली असते आणि तिथे या औषधाचा जोर कमी पडतो.

सुईची सुई

आता मुद्द्याचं बोलू. लोकलचं इंजेक्शन झोंबतं, हे खरंच आहे. त्यात डॉक्टरकाका चुकले नव्हते. पण ते कमी झोंबावं यासाठी करण्यासारखं पुष्कळ आहे आणि त्यातलं बहुतेक फुकट आहे.

एक म्हणजे वेग. औषध हळूहळू सोडलं की कमी दुखतं, भसकन सोडलं की जास्त. दुसरं म्हणजे जागा. शेजारच्या धडधाकट कातडीतून टोचण्यापेक्षा जखमेच्या उघड्या कडेतूनच सुई आत घातली तर त्रास कमी. (ऐकायला भयंकर वाटतं, मान्य. पण जखम स्वच्छ असेल तर हेच सोयीचं.) सुई बारीक हवी. इथे नंबर जितका मोठा तितकी सुई नाजूक, म्हणजे ३० नंबरची २४पेक्षा खूपच बारीक. फ्रिजमधून काढलेलं गार औषध न देता ते शरीराइतकं कोमट केलं तरी फरक पडतो.

आणि मग सगळ्यात भारी फंडा. लिग्नोकेनचं द्रावण मुळात आम्लधर्मी असतं, ॲड्रिनलिन मिसळलेलं तर आणखीनच. जळजळ होते ती बरीचशी त्यामुळे. त्यात दहाला एक या प्रमाणात सोडिअम बायकार्बोनेट मिसळलं की आम्लता उतरते आणि जळजळही. ॲसिडिटीला सोडा, तसंच! यावरचे अभ्यास एकत्र करून २०१०मध्ये कॉक्रेनने आढावा घेतला, त्यातही याने वेदना कमी होते हेच निघालं. बायकार्बोनेटची बाटली बहुतेक कॅज्युअल्टीत असतेच. फक्त मिसळायची सवय नसते.

शेजारची कातडी चिमटीत धरणं, थोपटणं, गप्पा मारणं यांनाही कमी लेखू नका. आपटलेला गुडघा आपण चोळतो, तो उगाच नाही. चोळण्याचा निरोप वेदनेच्या निरोपाला मणक्याच्या दारातच अडवतो, असा सिद्धांत मेल्झॅक आणि वॉल यांनी १९६५मध्ये मांडला होता.

कैरी, बोट आणि अंगठी

मे २०२३. लोणच्याची कैरी फोडताना बाठीवरून सुरी सटकली आणि डाव्या हाताची तर्जनी चिरली. या वेळी एका मोठ्या हॉस्पिटलची कॅज्युअल्टी, डॉक्टर माझ्याहून लहान. मी आधीच डिक्लेअर केलं, "डॉक्टर, लोकलशिवाय टाके घेणार नाही."

"मॅडम, लोकलशिवाय मी घालणारच नाही," तो म्हणाला. "पण आधी दोन गोष्टी करायच्यात."

पहिली गोष्ट, अंगठी काढली. बोट सुजलं की ती कापून काढावी लागते. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. बोटाच्या दोन्ही कडांना हळूच स्पर्श करून त्याने विचारलं, "इथे कळतंय? इथे? दोन्हीकडे सारखंच?" मग बोट वाकवायला लावलं, सरळ करायला लावलं. कारण एकदा बोट बधिर झालं की आतली नस तुटली आहे की औषधाने झोपली आहे, हे कळायला मार्ग नाही. हाताला कापलं आणि कोणी ही तपासणी न करताच सिरिंज उचलली तर तुम्ही आठवण करा. बोटाची कायमची जाणीव पणाला लागलेली असते.

मग बोटाच्या मुळाशी दोन्ही बाजूंनी एकेक इंजेक्शन. याला ब्लॉक म्हणतात. जखमेत काही टोचायचंच नाही, वरून सप्लाय बंद. पाच-सात मिनिटांनी बोट माझं राहिलंच नाही, कोणाचं तरी उसनं आणल्यासारखं वाटायला लागलं. त्याने जखम अगदी सावकाश, तळापर्यंत धुतली, कंडरा शाबूत आहे हे डोळ्यांनी पाहिलं आणि पाच टाके घातले. मी चक्क बघत होते.

बोटांच्या बाबतीत एक जुनी भीतीही होती. ॲड्रिनलिन रक्तवाहिन्या आवळतं, त्यामुळे रक्तस्राव कमी होतो आणि लोकल जास्त वेळ टिकतं. पण बोटात ते दिलं तर रक्तपुरवठा तुटून बोट जाईल, असं डॉक्टरांच्या कित्येक पिढ्यांना शिकवलं गेलं. कॅनडाचे हँड सर्जन डोनाल्ड लालोंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५मध्ये हात आणि बोटांच्या ३,११० केसेसचा अभ्यास छापला. एकही बोट गेलं नव्हतं. आज हाताच्या अनेक शस्त्रक्रिया पेशंट पूर्ण जागा असताना, याच मिश्रणावर होतात. अर्थात ज्यांच्या बोटांचा रक्तपुरवठा आधीच कमजोर आहे, त्यांच्याबाबत डॉक्टर हात राखूनच असतात आणि असावेतही.

ओठाचं आणखी वेगळंच नाटक. ओठाची कड म्हणजे गुलाबी भाग जिथे संपतो ती रेष. तिथे एखादा मिलिमीटर जरी वरखाली झाला तरी समोरच्याला लांबून दिसतं. लोकल भरलं की ओठ फुगतो आणि रेष गायब. म्हणून शहाणे डॉक्टर आधी पेनने खूण करतात किंवा थोडं लांब, गालाच्या नाहीतर हनुवटीच्या नसेपाशी ब्लॉक देतात. चेहऱ्याचा प्रश्न असेल तर प्लास्टिक सर्जनला बोलावता येईल का, हे विचारण्यात लाजण्यासारखं काही नाही.

तोंड उघडा, सांगा

टेबलावर आडवं पडल्यावर आपण गप्प होतो, ही आपली सवयच. पण काही गोष्टी डॉक्टरांना न विचारता सांगायच्या. पूर्वी लोकलचा त्रास झाला असेल तर नेमकं काय झालं होतं ते. हार्टचं किंवा लिव्हरचं दुखणं, चालू गोळ्या, प्रेग्नन्सी. 'मला लोकलची ॲलर्जी आहे' म्हणणाऱ्या बऱ्याच जणांना ॲलर्जी नसते. सुईच्या भीतीने चक्कर आलेली असते किंवा ॲड्रिनलिनने छाती धडधडलेली असते. लिग्नोकेनची खरी ॲलर्जी फारच दुर्मीळ, पण अंगावर गांधी उठल्या होत्या किंवा श्वास अडकला होता असं काही घडलं असेल तर ते स्पष्ट सांगाच.

औषधाला मर्यादाही आहे. साध्या लिग्नोकेनची कमाल मात्रा किलोमागे साधारण साडेचार मिलिग्रॅम. साठ किलोच्या माणसाला २७० मिलिग्रॅम, म्हणजे दोन टक्क्यांच्या बाटलीतलं साडेतेरा मिलिलिटर. बोटाला किंवा छोट्या जखमेला त्याच्या निम्मंही लागत नाही. मोठ्या जखमांमध्ये आणि लहान मुलांमध्ये मात्र हा हिशोब काटेकोर हवा. ओठांभोवती मुंग्या, कानात गुणगुण, तोंडाला धातूची चव, गरगरणं, असं काही इंजेक्शननंतर वाटलं तर लगेच सांगा. 'असेल काहीतरी' म्हणून गप्प बसू नका.

दंडावर दिलेलं धनुर्वाताचं इंजेक्शन म्हणजे लोकल नव्हे, हेही सांगून टाकते. 'इंजेक्शन दिलं तरी टाके दुखले' अशी तक्रार करणाऱ्यांपैकी काहींचा घोटाळा एवढाच असतो! आणि लोकलसाठी उपाशीपोटी असण्याची गरज नसते. डबा खाऊन आलात तरी चालतंय.

लोकल नको, असे प्रसंगही आहेत. अगदी एकच टाका असेल, जखम स्वच्छ असेल आणि तुम्हालाच सुई नको असेल, तर तो तुमचा चॉइस. मुद्दा चॉइस विचारण्याचा आहे. छोट्या सरळ जखमांना कधी कधी मेडिकल ग्लू किंवा चिकटपट्टीही पुरते, मग सुईच नाही. भाच्या-पुतण्यांच्या चेहऱ्यावरच्या जखमांसाठी उघड्या जखमेवर लावायची बधिर करणारी जेल असते. तिला वीस-तीस मिनिटं लागतात आणि ती सगळीकडे मिळत नाही, पण विचारायला काय जातंय? चार जणांनी पोराला दाबून धरण्यापेक्षा बरं. आणि कुत्रा चावला असेल तर टाक्यांचा आग्रह धरूच नका. तिथे आधी पंधरा मिनिटं साबण-पाण्याने धुणं आणि रेबीजची इंजेक्शनं. टाके शक्यतो टाळतात किंवा पुढे ढकलतात.

बोट झोपलेलं असताना मी घरी रिक्षाने आले. बधिर हाताने गाडी चालवायची नाही, हे त्या डॉक्टरने दोनदा बजावलं होतं. ओठ बधिर असेल तर गरम चहा नको, हेही लक्षात ठेवा. तासा-दोन तासांत ठणका सुरू होतो. ठणका चढायच्या आधीच डॉक्टरांनी सांगितलेली पॅरासिटामॉल घेतली की रात्रीची झोप वाचते.

दहा दिवसांनी टाके काढायला गेले. त्याला काही लोकल लागत नाही, नुसतं चिमटा काढल्यासारखं होतं. पाचही टाके निघाले, बोट छान भरलं होतं. हात पुसताना डॉक्टरची नजर माझ्या दुसऱ्या कोपराखाली गेली.

"हे काय मॅडम, टॅटू?"

"सिंहगड रोड," मी म्हटलं.